हिरव्या झाकणाचा डबा

६ जानेवारी, सोमवार

सकाळी चहा, साखर दोन चमचे. पावाचे दोन तुकडे, लोणी लावून. दुपारी बटाट्याचं सूप एक वाटी, पाव एक. चार वाजता चहा, साखर दोन चमचे. संध्याकाळी अंडी दोन, उरलेलं सूप.

आमच्या प्रमुख, मोठ्या बाईंनी आज संशोधन केंद्रातल्या प्रत्येकाला एक वही दिली. अभ्यास सुरू व्हायच्या आधी दोन आठवडे आम्ही आपापल्या खाण्याची नोंद ठेवायची. "दुसऱ्याला तीन महिने लिहायला लावणार ना, मग आधी स्वतः पंधरा दिवस लिहून बघा," म्हणाल्या. "माणूस खोटं बोलतो असं नाही. विसरतो. आणि विसरतो ते नेमकं आवडीचं."

माझं काम परत आलेले डबे तोलायचं. माणसाला डबा देताना वजन, परत आल्यावर उरलेल्याचं वजन, वजाबाकी म्हणजे पोटात गेलेलं. सिस्टर मला तराजूवाली म्हणते. चालेल. आमच्या घरात आजवर कुणी कागदावर सही करायचं काम केलं नव्हतं, माझ्या सहीशिवाय इथला तक्ता पुढे जात नाही.

एकशे वीस माणसं घ्यायची आहेत, पंचेचाळीस ते साठ वयाची. रक्तातली दाहाची पातळी थोडी वर असलेली, पण हृदयाचा आजार अजून नसलेली. निम्म्यांना हिरव्या झाकणाचा डबा मिळेल: कडधान्यं, पालेभाजी, अक्रोड, तेलकट मासा. निम्म्यांना राखाडी झाकणाचा, म्हणजे सगळे एरवी खातात तसलंच. दिवसाचं मुख्य जेवण आमचं, बाकीचं यादीप्रमाणे. बारा आठवडे. खाण्याने शरीराच्या आतली धग कमी होते का, आणि हृदयाला त्याने काही फरक पडतो का, हे रक्तात बघायचं.

७ जानेवारी

काल चारच्या चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली होती. लिहायची राहिली. बाई म्हणाल्या तसंच झालं. सकाळपासून ती बिस्किटं डोक्यात होती, शेवटी जेवणाच्या सुट्टीत येऊन लिहिली.

१२ जानेवारी, रविवार

घरी गेले होते. चौथा मजला, लिफ्ट नाही. बाबा तीस वर्षं शहरभर लिफ्ट दुरुस्त करत फिरतात आणि आपल्याला लिफ्ट नसलेलंच घर मिळालं, हा त्यांचा नेहमीचा विनोद. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी एक लाकडी खुर्ची ठेवली आहे, आईसाठी. आईची बोटं आणि गुडघे सुजतात. बाजारातून येताना ती त्या खुर्चीवर दहा मिनिटं बसते, मग पुढचे दोन मजले. शेजाऱ्यांनी खुर्चीला 'आईसाहेबांचं सिंहासन' नाव ठेवलंय.

जेवताना अभ्यासाची गोष्ट निघाली. मी सांगितलं, सूज आली की दिसते, पण रक्तवाहिन्यांच्या आत बारीक दाह वर्षानुवर्षं चालू राहतो तो दिसत नाही, आणि त्यातून पुढे हृदयाचं दुखणं येऊ शकतं. आणि जनुकं जन्माला येताना मिळतात ती मिळतात, पण त्यातलं कुठलं जागं असतं, कुठलं गप्प, हे आपण काय खातो त्यावरही थोडं ठरतं.

बाबा घास हातात धरून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे पॅनेलवरची बटणं सगळी तीच. दाबतो कोण, हा प्रश्न."

मोठ्या बाईंना हे सांगायला हवं. इतकं सोपं त्यांनाही जमलेलं नाही.

"आणि हे खाल्लं की हिची सूज उतरेल?" बाबांनी विचारलं.

"उतरेल असं नाही. उतरते का, ते बघायचंय."

"तिच्या आईची बटणं बावन्नाव्या वर्षी दाबली गेली. भावाची पन्नासाव्या. ही एक्कावन्नची आहे."

"मी बसलेय इथे," आई म्हणाली. "मेले नाहीये अजून. भाजी वाढा."

निघताना बाबा जिन्यापर्यंत आले. "मास्तरीणबाई, आईला घ्या तुमच्या त्या अभ्यासात."

मी म्हटलं, घेऊन या बुधवारी. दोघेही या, बाईंना पुरुष कमी पडतायत.

१५ जानेवारी, बुधवार

मोठ्या बाईंना आधीच विचारलं होतं, घरची माणसं चालतील का. त्या म्हणाल्या चालतील, पण त्यांचं रक्त आणि मुलाखत सिस्टर घेईल, तू हात लावायचा नाहीस. डबे तोललेस तरी चालेल, तराजूला नातं कळत नाही.

पात्रतेच्या प्रश्नांच्या वेळी मात्र सिस्टर दुसऱ्या खोलीत अडकली होती आणि रांग दारापर्यंत गेली होती. आईचा अर्ज माझ्या हातात आला. नववा प्रश्न: सांध्यांसाठी किंवा सुजेसाठी रोज गोळी चालू आहे का? मला ठाऊक होतं. निळी गोळी, सकाळी एक. आई ती अर्धी करून खायची, डबी जास्त दिवस पुरावी म्हणून, आणि बाबा ओरडायचे, "अर्धं औषध म्हणजे औषधच नाही. अर्धा पाना कुठल्या नटाला लागतो का?" तेव्हापासून ती पूर्ण खाते.

मी 'होय'वर खूण केली. पुढची ओळ आपोआप ठरते: पात्र नाही.

बाबांनी पाहिलं. हळूच म्हणाले, "एक खूण जरा इकडची तिकडे झाली असती तर?"

"बाबा, गोळी दाह कमी करते. मग आमच्या जेवणाने झालं की गोळीने, कसं कळणार? सगळा तक्ता खोटा पडेल."

"तक्ता," बाबा म्हणाले. एवढंच म्हणाले.

आई उलट मला समजावत होती. "बरोबर आहे पोरीचं. शिकलेली आहे ती. नियम म्हणजे नियम." आणि पिशवी सावरत उठली, खुर्चीचा हात धरून, दोन वेळा प्रयत्न करून.

बाबा पात्र ठरले. रक्तातला दाहाचा आकडा ४.३. आमच्यात नोंदणीच्या वेळचा पहिला आकडा माणसाला सांगतात. क्रमांक एक्केचाळीस. "नापास झाली ती आणि पास झालो मी," म्हणाले. "उलटंच काहीतरी तुमचं."

२० जानेवारी

कुणाला कुठलं झाकण, ती बंद पाकिटं फोडली. एक्केचाळीसला हिरवं झाकण. मला इतका आनंद झाला की मी प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आले. आनंद होणं बरोबर नव्हतं. तराजूवाल्या बाईला कुठलंही झाकण सारखं असायला हवं.

वहीची नोंद आज संपायची होती. बाईंनी वह्या परत मागितल्या नाहीत. मी लिहीत राहणार आहे, खाण्याचं नसलं तरी.

२८ जानेवारी

बाबा रोज पाच वाजता कामावरून परतताना खिडकीवर येतात, आजचा डबा घेतात, कालचा देतात. मी आतल्या खोलीत असते, आवाज येतो. सिस्टरला रोज काहीतरी सुनावतात. काल म्हणाले, "तुमच्या इमारतीची लिफ्ट कण्हते. तिलाही रक्त तपासायला सांगा."

एकच अडचण. त्यांचा डबा घासून-पुसून लखलखीत येतो. मोठ्या बाई वैतागल्या. "धुतलेल्या डब्याला मी काय विचारू? त्याने खाल्लं की नाल्यात टाकलं?" मला बाबांना फोन करावा लागला.

"उष्टा डबा परत द्यायचा? तुझ्या आईला लाज वाटेल," बाबा म्हणाले.

"आईला कशाला? डबा तुमचा आहे."

जरा थांबून म्हणाले, "घासते तीच ना."

२ फेब्रुवारी, रविवार

घरी. आईने निघताना माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि दाबला. "तू आहेस म्हणून," म्हणाली. पुढे काही नाही. डोळ्यांत पाणी. मी काय केलंय कळेना. तिला तर मी नापास केलं. वाईट वाटून घेतलं नाही, उलट माया करते, याचंच जास्त लागलं. परतताना बसमध्ये तीन वेळा तोच अर्ज मनात भरला, तीनही वेळा 'होय'वरच खूण केली.

१४ फेब्रुवारी

एक्केचाळीसचा डबा आता न धुता येतो. आत काही नसतं. पावाने पुसून घेतल्यासारखा. एकशे वीस माणसांत इतकं चोख दुसरं कुणी नाही. पंधरा नंबर रोज पालेभाजी ठेवतो. साठ नंबरने परवा मासा तसाच्या तसा परत केला आणि चिठ्ठी लावली, 'मांजराला द्यावा.'

आज मासा होता. एक्केचाळीसच्या डब्यात काटे काठाला एका ओळीत लावून ठेवलेले, मोठ्यापासून लहानापर्यंत. आई ठेवते तसे. बाबा पूर्वी काट्यांचा ढीग करायचे. इतकी वर्षं एका टेबलावर जेवून माणसं एकमेकांसारखी होतात म्हणतात, ते खरं असावं. तोलले. काटे अकरा ग्रॅम. खाल्लेले अन्न: शंभर टक्के. सही केली.

२३ फेब्रुवारी, रविवार

एक चांगली गोष्ट लिहायची आहे. आई आज बाजारातून माझ्याबरोबर आली आणि खुर्चीवर न बसता वर चढली. चौथ्या मजल्यावर पोचल्यावर आम्हा दोघींच्या लक्षात आलं. अंगठीही बोटात फिरते आहे, दोन वर्षं ती मांसात रुतून बसली होती. मी म्हटलं, थंडी ओसरली म्हणून असेल, किंवा गोळी आता लागू पडली. आई माझ्याकडे बघून हसली, जसं आमच्या दोघींत काही ठरलेलं आहे. "असेल हो," म्हणाली. "गोळीच असेल."

बाबा आमच्या मागून बऱ्याच वेळाने आले. "बूट बांधत होतो, सिंहासनावर," म्हणाले.

त्यांच्या जाकिटाला तळणीचा वास येतो अशी आईची तक्रार. बाबा म्हणाले, जिथे काम चाललंय त्या इमारतीच्या दाराशीच तळणाची गाडी लागते, त्याला ते काय करणार? लिफ्टच्या खड्ड्यात तो वास भरून राहतो. खरं असणार. मी काही विचारलं नाही, आमच्या यादीत वासाला रकाना नाही.

३ मार्च, सोमवार

मधलं रक्त झालं. माझं त्याच्याशी काम नाही, पण आकडे भरणारा मुलगा रजेवर आहे आणि बाईंनी मला बसवलं. तक्त्यात नावं नसतात, क्रमांक असतात. एक्केचाळीसपाशी येईपर्यंत मला सुचलंच नाही की एक्केचाळीस येणार.

६.८.

४.३ होता. वाढला.

तीनदा मूळ कागद पाहिला. मग डब्यांच्या नोंदवहीतली सगळी वजनं काढली. शंभर टक्के, शंभर, शंभर. एका दिवशी अठ्ठ्याण्णव.

हिरव्या झाकणाच्या बहुतेकांचा आकडा थोडा तरी उतरला आहे. पालेभाजी न खाणाऱ्या पंधरा नंबरचासुद्धा.

४ मार्च

मोठ्या बाईंना विचारलं, कुणाचं नाव न घेता. सगळं खाऊनही आकडा चढणारा माणूस असू शकतो का?

"असतो की," म्हणाल्या. "तेच तर बघायचं. कुणाची जनुकं अन्नाचं ऐकतात, कुणाची ढिम्म हलत नाहीत. किती नंबर?"

मी सांगितला. त्यांनी पेशींच्या अहवालात पाहिलं. "बघ, दाह पेटवणारी जनुकं सगळी जागी आहेत. जेवणाचा शून्य परिणाम. फार मोलाचा माणूस आहे हा आपल्याला." मग त्यांना आठवलं असावं कोण आहे ते. चष्मा काढला. "तू हा तक्ता भरायला नको होतास. चूक माझी."

"त्यांना सांगायचं का?"

"दहाच्या वर गेला तर सांगतो, तसं संमतीपत्रात आहे. सहा-सात सर्दीनेही होतो. आता सांगितलं तर माणूस घाबरून खाणं बदलेल, गोळ्या घेईल, आणि सहा आठवडे वाया. शिवाय इथले आकडे बाहेर सांगणार नाही अशी तू सही केली आहेस."

सही केली आहे. मीच केली आहे.

५ मार्च

चहा, बिनसाखरेचा. आणखी काही नाही.

९ मार्च, रविवार

घरी गेले नाही. डोकं दुखतं म्हणून फोनवर सांगितलं. डोकं दुखत नव्हतं. समोर बसले तर तोंडातून आकडा निघेल ही भीती. आईशी खोटं बोलल्याची नोंद इथे करून ठेवते.

१६ मार्च, रविवार

गेले. ठरवून गेले होते की सांगणार. जिन्यात बाबा भेटले, दुसऱ्या मजल्यावर, खुर्चीत. बूट बांधलेलेच होते.

"दाढ दुखते हल्ली," म्हणाले. "जिना चढताना जास्त. बसलं की थांबते."

"दाढेला जिन्याचं काय?"

"तेच म्हणतो मी. दाढ पण आता मजला मोजते."

मी म्हटलं, दंतवैद्याकडे जा. मग तिथेच पायरीवर बसले आणि विचारलं, "बाबा, तुम्ही सगळं खाता ना?"

"डबा रिकामा येतो की नाही?"

"येतो."

"मग?"

"तसं नाही. बाकीचं यादीप्रमाणे..."

"मास्तरीण," बाबा म्हणाले, "तुझ्या जेवणाने फरक पडतो. माझ्या डोळ्यांनी बघतोय मी. ती अंगठी बघितलीस आईची?"

मी म्हटलं आईचा काय संबंध. ते उठले. "चल, ती वाट बघत असेल." कठड्याला धरून चढले, माझ्या पुढे, आणि तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दाराची घंटा सैल झाली आहे ती बघायला म्हणून पुन्हा थांबले.

आकडा सांगितला नाही. त्यांचा माझ्या कामावर इतका विश्वास आहे, आणि मी सांगणार की तुमच्या शरीराने ते ऐकलं नाही? शेवटचं रक्त होईल एप्रिलमध्ये. अभ्यास संपला की त्याच दिवशी सांगणार. चार आठवडे. मी कॅलेंडरवर खूण केली आहे.

२७ मार्च

सिस्टर आज म्हणाली, "तुझे वडील म्हणजे औरच. मी विचारलं, आज चव कशी होती, लिहायचंय. तर म्हणाले, लिही, घरच्यांना फार आवडली." आम्ही दोघी हसलो.

९ एप्रिल, बुधवार

आठवडाभर लिहिलं नाही.

बाबा गेले. २ तारखेला, बुधवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास. केंद्रातून पाच वाजता डबा घेतला, सिस्टरला म्हणाले आज लिफ्ट कण्हत नाही, औषध लागू पडलेलं दिसतं. घरी पोचले, दोन मजले चढले, खुर्चीत बसले. तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण खाली उतरत होती, तिला वाटलं डुलकी लागली. डबा मांडीवर, दोन्ही हात झाकणावर.

मी पोचले तेव्हा त्यांना नेलं होतं. आई वर बसली होती, बायकांच्या घोळक्यात. डबा टेबलावर होता. कुणीतरी वर आणून ठेवला होता.

आई पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "माझा डबा घेऊन येत होते. माझा डबा मांडीवर तसाच होता."

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पाचव्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, "तुझा डबा?"

शेजारणी होत्या म्हणून असेल, आई माझ्या कानाशी आली. "आता काय लपवायचं गं. मला म्हणाले होते, पोरीसमोर बोलू नकोस, ती चोरून देते, उघड झालं तर तिची नोकरी जाईल. रोजचा एक जादा डबा. ते तिकडेच जेवायचे ना, तू वाढायचीस. म्हणायचे, मास्तरीण स्वतः वाढते, पोटभर. घरी आले की फक्त चहा."

डबा माझ्यासमोर होता. त्याच्या बुडाशी बाबांनी खिळ्याने ४१ कोरलं होतं, दुसऱ्याच्यात मिसळू नये म्हणून.

काटे ओळीत. अंगठी. तळणीचा वास. सगळं माझ्याच हाताने लिहिलेलं आहे, मागची पानं उलटून बघितली. एकही गोष्ट सुटलेली नाही. मी फक्त तोलत होते.

१० एप्रिल, गुरुवार

केंद्रात गेले. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. एक्केचाळीसच्या पानावरच्या माझ्या चौसष्ट सह्या दाखवल्या. त्यांनी पान वाचलं.

"ऐक," म्हणाल्या. "धमन्या दहा आठवड्यांत बुजत नाहीत. ते वर्षानुवर्षांचं होतं. हा डबा त्यांनी खाल्ला असता तरी वाचले असते असं मी सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकत नाही."

"आणि वाचले नसते असं?"

त्यांनी वही मिटली.

"दाढ दुखते म्हणाले होते," मी म्हटलं. "जिना चढताना."

बाईंनी डोळे मिटले. त्यावरूनच मला कळलं की दाढेला जिन्याचं काय असतं ते: हृदयाचं दुखणं कधीकधी जबड्यात उठतं. मी दंतवैद्याकडे जा म्हटलं होतं. आकडा सांगितला असता तर ते दाढ घेऊन निदान डॉक्टरकडे गेले असते. कदाचित गेलेही नसते. विनोद केला असता.

मोलाचा माणूस तक्त्यातून काढला. त्यासाठी एक अर्ज भरावा लागतो. खाल्लेले अन्न, टक्क्यांत: मी शून्य लिहिलं. कारण: 'पात्र नसलेल्या व्यक्तीने खाल्ले.' सही केली. बाई म्हणाल्या, एवढं लिहायची गरज नाही, नुसतं 'मृत्यू' लिही. मी तेही लिहिलं.

मी निघताना त्या म्हणाल्या, "स्वयंपाकघराने शनिवारपर्यंतचे डबे मोजून ठेवलेत. एक्केचाळीसचे तू ने. तुझ्या आईला." मग म्हणाल्या, "ते कुठेही लिहू नकोस."

१२ एप्रिल, शनिवार

अभ्यासाचा शेवटचा दिवस. पाच वाजता खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभी राहिले. सिस्टरने झाकण पुसून डबा दिला.

खुर्ची अजून दुसऱ्या मजल्यावर आहे. तिला वळसा घालून वर गेले.

आईने डबा उघडला. डाळ, पालेभाजी, माशाचा तुकडा, अक्रोड. म्हणाली, "आता हे बंद होणार ना?"

"हो. आज शेवटचा."

"मला बरं वाटत होतं याने. खरंच सांगते." मग म्हणाली, "त्यांना नीट वाढायचीस ना? घाईघाईत नाही ना जेवायचे? घरी फार घाई करायचे."

मी तिच्या हातांकडे पाहत होते. सूज उतरलेले हात, पोरीच्या हातांसारखे सडसडीत.

"नीट जेवायचे," मी म्हटलं. "सावकाश."

"मासा?"

"मासाही. काट्यांचा ढीग करायचे."

आई हसली आणि मग रडली. डोळे पुसून म्हणाली, "तू नियमाची किती पक्की, मला माहीत आहे. त्या दिवशी अर्जावर खूण केलीस, बरोबरच केलीस. पण नंतर माझ्यासाठी तूच नियम मोडलास. रोज. मी कधी बोलले नाही तुला. म्हणून आज बोलते."

मी नाही म्हणू शकले असते. मी खरं सांगितलं असतं तर तिच्या पोटात गेलेला प्रत्येक घास उलटून आला असता. आणि दुसरं कारण, तेही लिहायला हवं: मी नियम मोडला असं कुणाला तरी वाटावं, असं मला वाटत होतं.

"हो," मी म्हटलं.

तिने दोन ताटल्या काढल्या. मी म्हटलं, सगळं तूच खा, अर्धं-अर्धं कुणालाच लागू पडत नाही. बाबांचं वाक्य माझ्या तोंडातून निघालेलं तिला कळलं. तिने तरी दोन भाग केले, माशाचे सुद्धा.

मी आता टेबलावर हे लिहिते आहे. आई शेजारी बसून बघते. तिला वाचता येत नाही. तिला माझं अक्षर आवडतं, ओळी सरळ असतात म्हणते. आत्ताच विचारलं, "काय लिहितेस एवढं?"

"आज काय खाल्लं ते."

"लिही मग. काही सोडू नकोस."

संध्याकाळी डाळ, पालेभाजी, मासा, अक्रोड चार. अर्धा डबा. वजन केलं नाही.